खरखर बंद झाली त्या दिवशी

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतला पंखा आहे. छताला टांगलेला नव्हे, ड्रायव्हरसमोरच्या फळीवर बसवलेला, जेमतेम वीतभर उंचीचा. आता मात्र मी मोटारीत नाही. रत्नागिरीतल्या एका मोटारखान्यात, नारळ सोलून उरलेल्या सोडणांशेजारी, फाटक्या करंडीत पडून आहे. माझी खरखर फार होते म्हणून मला काढून टाकलं. होत होती, मी नाकारत नाही. पण तिची हकीकत ऐकून घ्या.

माझा जन्म विलायतेतला. एकोणीसशे तीसच्या सुमारास नारळ-आंब्यांचे व्यापारी विठूशेट यांनी मोटार घेतली. त्यांच्या पत्नी यमुनाबाई यांना मोटारीत गुदमरल्यासारखं व्हायचं, म्हणून मलाही घेतलं. सुरुवातीला माणसं मोटारीपेक्षा मलाच पाहायला यायची. माझी पितळी पाती फिरू लागली की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मी तेव्हा बराच फुगलो होतो.

पुढे कोणीतरी सांगितलं की पंख्याला अधूनमधून तेल लागतं. यमुनाबाईंनी मोठ्या मायेने माझ्यात खोबरेल ओतलं. आमच्याकडे तेल म्हणजे खोबरेलच. केसांना तेच, देवाच्या दिव्याला तेच, दाराच्या बिजागऱ्यांनाही तेच. पौषातल्या थंडीत ते माझ्या पोटात थिजलं, त्यावर रस्त्याची तांबडी धूळ बसली आणि माझा आस झिजला. तेव्हापासून मी वारा कमी आणि आवाज जास्त देऊ लागलो. मोटारीत बसलेली माणसं एकमेकांशी ओरडून बोलू लागली.

“काय रे भागोजी, ह्यो पंखा हाय का पीठ दळायचा जातां?” शेट विचारायचे.

भागोजी हा आमचा ड्रायव्हर, मांडवीचा. आधी तो आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा. मोटारीची काच, पितळ, चाकं तो रोज पुसायचा, पण मला कधी उघडून साफ केलं नाही. “वारा येतोय ना शेट, मग ऱ्हावंदे,” एवढंच म्हणायचा. मला त्याचा फार राग यायचा. सगळ्या मोटारीचे लाड, आणि मीच तेवढा सावत्र!

एका सकाळी तो मोटार पुसत होता. बंदरावर आगबोटीचा भोंगा झाला. घरापुढच्या खळ्यात नारळ मोजणाऱ्या गड्यांनी माना वळवल्या. भागोजीची मान हललीसुद्धा नाही. मग त्याने माझा खटका दाबला, मी चाललो की नाही ते बोट लावून पाहिलं आणि माझ्याकडे वाकून म्हणाला, “बडबड तू बाबा. तुजी खरखर हाय म्हनून सगली माज्याशी मोठ्यानं बोलतात. न्हायतर माजा काय व्हयल?”

बोटीवरच्या यंत्रांनी त्याचे कान नेले होते. हे घरी त्याची बायको सखू हिला ठाऊक होतं, आणि आता मला. तो अनवाणी मोटार चालवायचा, कारण यंत्राची नाडी त्याला तळपायांनी कळायची. प्रत्येक वळणावर वेग कमी करायचा, चारी दिशांना पाहायचा. सहा वर्षांत त्याने कोणाची कोंबडीही चिरडली नव्हती. त्या दिवसापासून मी मन लावून खरखरू लागलो. माझ्या दोषाचा कोणाला एवढा आधार वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग शेटच्या मुलीला, काशीला, पाहायला मुंबईहून पाहुणे यायचे ठरले. त्यांच्यासमोर ही खरखर नको, असं शेटना वाटलं. बाजारातल्या रामा फिटरकडे मोडक्या मोटारीतला एक पंखा होता. करंडीभर आंब्यांच्या बदल्यात त्याने तो बसवून दिला. भागोजी मध्येच म्हणाला, “शेट, जुनाच बरा व्हता.” शेट हसले. रामाने माझी तार तोडली. नवा पंखा धड फिरतच नव्हता, म्हणून तर तो एवढा शांत होता.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना बंदरावरून घेऊन मोटार परत आली, ती शेटच्या आरडाओरड्यासकटच. पाहुणे घरात जाताच ते मोटारखान्याच्या दारात भागोजीच्या समोर उभे राहिले. “तीनदा सांगितलां तुला, थांब म्हनून! पाहुनीबाईंना मळमळत व्हतां. तू ऐकलंस? त्यांच्या शालूवर झाली ना ओकारी! माजलास तू. किल्ली ठेव आनि चालता हो!”

भागोजीचे ओठ हलले. एक वाक्य बोलला असता तर शेटचा राग विरघळला असता. पण ते वाक्य गावभर झालं असतं, आणि बहिऱ्याच्या हाती पुन्हा मोटार कोण देणार? त्याने किल्ली पायरीवर ठेवली, हात जोडले आणि खळ्यातून चालू लागला.

शेट तिथेच उभे राहिले. त्यांचा राग उतरला होता. नोकराची मनधरणी पाहुण्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून ते हळूच म्हणाले, “भागोजी, अरे जाव नको. मागं फिर.”

भागोजी चालत राहिला.

“मागं फिर म्हनतोय ना!” शेट पुन्हा म्हणाले, तेवढ्याच हळू.

भागोजीने कुंपणाचं बेडं उघडलं, बाहेर जाऊन नीट लावून घेतलं आणि दिसेनासा झाला. “काय ह्यो ताठा,” शेट पुटपुटले आणि आत गेले.

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य आवाज करण्यात गेलं, आणि त्या घडीला मला एक किरकिरही करता आली नाही. त्याचं दुःख अजून जात नाही.

काशीचं लग्न त्याच पाहुण्यांच्या मुलाशी झालं. भागोजी पुन्हा बोटीवर कोळसा टाकायला गेला, असं यमुनाबाईंच्या बोलण्यात आलं. शेट आजही सांगतात, “मी त्याला परत बोलावलां व्हतां. त्यानंच पाठ फिरवली.”

म्हणून माझं एक मागणं आहे. घरातली एखादी वस्तू कुरकुरत असेल तर तिला फेकण्याआधी उघडून पाहा, आणि ती रोज हाताळणाऱ्या माणसाला विचारा. कोणी तुमच्या हाकेला ओ दिली नाही, तर रागावू नका. चालत जा, त्याच्यासमोर उभे राहा आणि पुन्हा बोला. विठूशेटना त्या दिवशी खळ्यात वीस पावलंच चालायची होती.