सतरावं मडकं

रत्नाने लॅपटॉपवरच्या खिडकीचा फॉन्ट बदलला, तशी पडद्यावरची टोप्या घातलेली अक्षरं गेली आणि त्यांच्या जागी पोकळ चौकोन आले. शेजारी बसलेल्या कोंडाबाईने सुपातला एक खडा वेचून दाराबाहेर भिरकावला.

"मघा टोप्या व्हत्या, आता डबे आलं. मागनं झाकणं येत्याल."

"आई, जरा थांबशील?"

"थांबलेच हाय. सकाळधरनं थांबलेय."

त्या काळ्या खिडकीत चिमाजीची यादी उघडलेली होती. चिमाजी, कोंडाबाईचा नवरा, जाऊन चार महिने झाले होते. शाळेत शिपाई होता. शाळेने मोडीत काढलेला कंप्युटर त्याने दोन खेपांत, डोक्यावर घेऊन घाट चढवला होता. त्या मशीनला मराठी येत नव्हतं, म्हणून रोज संध्याकाळी एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत, तो भाताच्या बियाण्यांची नावं लिहायचा. परवा मशीनने मान टाकली. मंचरला नोकरी करणाऱ्या लेकीने यादी तेवढी त्यातून काढून आणली होती.

माजघरात एकवीस मडकी ओळीने मांडलेली होती. वीस मडक्यांची नावं कोंडाबाईला मुठीतलं बी न बघताही सांगता आली असती. सतराव्याचं येत नव्हतं. ते बी चिमाजी वेगळं, वरच्या खाचरात पेरायचा, आणि विचारलं की हसायचा, "कंप्युटरला विचार." ती कशाला विचारतेय. पण उद्या वाड्यावाड्यांच्या बायका बियाणं न्यायला येणार होत्या. त्यांत गोजरबाई असणार, आणि गोजरबाई नेमकं सतराव्यावरच बोट ठेवणार. कोंडाबाईच्या तोंडून 'ठावं न्हाई' हे शब्द अजून कुणी ऐकलेले नव्हते.

"हा प्रोग्रॅम जुन्या मशीनचा आहे," रत्ना म्हणाली. "त्याला वाटतं, समोर अजून तोच पडदा आहे. म्हणून ह्या खिडकीला त्या पडद्याचं सोंग घ्यायला लावायचं."

"मग पुरतं घेऊ दे की. अर्धं सोंग लई वंगाळ दिसतं."

रत्नाने सेटिंग उघडून अक्षरांच्या नमुन्यांची लांबलचक यादी काढली. एक नमुना लावून बघितला, दुसरा, मग सगळ्यांत जुना. चौकोन नाहीसे झाले. उभ्या-आडव्या रेषा आल्या, कोपऱ्यांत एकमेकींना नीट भेटलेल्या.

कोंडाबाईचा हात सुपात राहिला. ह्या रेषा तिने वीस वर्षं चुलीपासून पाहिल्या होत्या, चिमाजीच्या खांद्यावरून. अक्षर एक कळायचं नाही, पण रेषा कळायच्या. उतारावर खाचरांचे बांध दिसतात, तशा. एवढ्यात तो खुर्ची सरकवून चहा मागेल, असं तिला वाटलं.

"हां. असंच व्हतं," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा पाखडायला लागली.

रत्ना वाचू लागली. "एक, रायभोग. दोन, खडक्या. तीन, जिरवेल." कोंडाबाई तिच्या आधीच पुढचं नाव सांगत होती. सोळापर्यंत असं झालं. मग सूप थांबलं.

"सतरा. के, ओ, एन, डी, ए. कोंडा."

"काय?"

"कोंडा लिहिलंय."

"कोंडा न्हाई, साळ हाय त्यात. मी सवता त्येचं तोंड लिपलंय."

"मग बाबांचं चुकलं असेल. पुसून टाकते. उद्या यादी छापून द्यायची आहे." रत्नाचं बोट बटणाकडे गेलं.

"पुढं काय लिवलंय?"

"पुढचं खालच्या ओळीत सांडलंय. कुणाचं शेपूट कुणाला लागलंय, काही कळत नाही."

कोंडाबाई पडद्याकडे वाकली. "वावर अरुंद हाय म्हणून कुणी भाताचं आवण बांधावर लावतं का? बांध सरकव."

रत्नाने सेटिंग पुन्हा उघडलं. खिडकी ऐंशी अक्षरांइतकी रुंद होती, आणि बाबांची ओळ एकशे बत्तीसची. तिने आकडा बदलला, तशी सांडलेली शेपटं आपापल्या ओळीला जाऊन लागली.

"सतरा. कोंडा. कुठून, तर ओटी. साल एकाहत्तर." रत्ना हसली. "पन्नास वर्षांपूर्वी ओटीवर पडलेला कोंडा. बाबा पण ना."

कोंडाबाई हसली नाही.

एकाहत्तरच्या वैशाखात तिची पाठवणी झाली, तेव्हा घरात कांडलेला तांदूळ नव्हता. आईने सालासकट साळच तिच्या ओटीत घातली. सासूने ती पाहिली, "म्हायेरात उखळ न्हाई का?" म्हणाली, आणि अंगणात कोंबड्यांपुढे पदर झटकायला लावला. नवा नवरा तिथंच उकिडवा बसून जमिनीवरून काहीतरी वेचत होता. खडे वेचत असेल, असं तिला वाटलं होतं.

आधीची दोन लेकरं गेली, म्हणून हिच्यावर कुणाची नजर जाऊ नये असं, 'कोंडा' हे नाव आईने ठेवलं. सासरी ती कोंडाबाई झाली, पुढे रत्नाची आई झाली. नुसतं 'कोंडा' म्हणणारं एकच माणूस होतं. तेही वरच्या खाचरात, आसपास कुणी नसताना.

तिने पदर पुढे ओढून मांडीवर धरला होता. तिच्या ते ध्यानात नव्हतं.

"पुसू ना?" रत्नाने विचारलं.

"ऱ्हाऊ दे."

"अगं, उद्या गोजरबाई विचारेल, ही कसली साळ म्हणून. काय सांगू?"

"लिवलंय त्ये सांग."

"बियाणं म्हणून कोंडा कोण नेईल, आई?"

कोंडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि माजघरात गेली. लिपलेल्या मडक्यावर नख घासल्याचा आवाज आला, मग मातीचा पोपडा पडल्याचा.

"न्हेला व्हता एकानं," ती आतून म्हणाली. "आन् रत्ने, ती खिडकी आता अरुंद करू नगं."