डब्याच्या कडीवरचं फडकं

बाबा गेल्यावर चार महिन्यांनी मी त्यांच्या शेडचं कुलूप उघडलं. किल्ली देताना आई एवढंच म्हणाली की ती गाडी एकदा चालव, नाहीतर कुणाला तरी देऊन टाक. अर्धवट वस्तूकडे रोज बघवत नाही.

गाडी म्हणजे टू-स्ट्रोक डर्ट बाइक, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बाबांनी ती भंगारातून आणली तेव्हा तिच्या एअर फिल्टरच्या पेटीत उंदरांनी संसार मांडला होता. सहा वर्षं त्यांची तिच्यावर मेहनत चालली होती. फ्रेम रंगवून झाली होती, चाकांच्या तारा ओढून झाल्या होत्या. इंजिन मात्र सुटं होऊन बाकावर पडलं होतं, जुन्या चादरीखाली. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत त्यांनी नाव नोंदवून ठेवलं होतं. गाडी बाबांची, चालवणार लेथवाले काका.

लेथवाले काका बाबांचे तीस वर्षांचे मित्र. तरुणपणी दोघं एकमेकांविरुद्ध धावायचे आणि हरणारा दुसऱ्याचे बूट धुवायचा. सिलिंडर आतून कापून रुंद करायचं, म्हणजे बोअर मारायचं, काम त्यांनीच केलं होतं. ते चौथं, आणि शेवटचं. यापुढे धातू उरत नाही, आणि त्या मापाचा पिस्टनही मिळत नाही. हे इंजिन आता जाम झालं तर गाडी दिवाणखान्यात ठेवायची, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

जाम होणं आमच्या घरात नवं नव्हतं. या इंजिनांना तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. ते घालायचं राहिलं की पिस्टन चिकटतो, मागचं चाक जागच्या जागी अडकतं आणि चालवणारा एकटाच पुढे जातो. बाबा एकदा असेच दुसऱ्या एका गाडीवरून फेकले गेले होते, माझ्या जन्माआधी. डावा गुडघा नंतर कधी वाकला नाही. त्या दिवशी त्यांना वाटलं होतं तेल काकांनी घातलं, काकांना वाटलं बाबांनी. तेव्हापासून नियम झाला. तेल घातलं की डब्याच्या कडीला फडक्याची पट्टी बांधायची, डबा रिकामा झाला की सोडून खिळ्याला अडकवायची. फडकं असलं की विचारायचं नाही. नसलं की ओतायचं नाही. वाचायला शिकण्याआधी मी फडकं बघून यायला शिकले होते.

शेडमध्ये डबा सापडला तेव्हा फडकं होतं. निळ्या चौकड्यांच्या शर्टाची पट्टी, तेलाने काळी पडलेली. आत अर्धा डबा मिश्रण होतं, चार महिन्यांचं, तळाशी तेल वेगळं झालेलं. काका म्हणाले, फेकून दे, त्याचा काही उपयोग नाही. मी ते टाकलं, डबा विसळून वाळवला. गाठ सोडली नाही. ती बाबांनी मारलेली होती.

पुढचे दोन महिने रविवार शेडमध्ये गेले. काका जोडायचे, मी धरायचे. मी नट उलटा फिरवला की ते म्हणायचे, तुझ्या बापालाही हे शिकायला वर्ष लागलं होतं. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा काकांनी बाटलीत स्वतः केलेलं मिश्रण वापरलं. त्यात बाबा वापरायचे तेच एरंडेल होतं. आताचे लोक वापरत नाहीत. जळलेल्या एरंडेलाचा तो गोडसर वास शेडभर पसरला आणि काहीतरी आणायचं निमित्त करून मी बाहेर गेले.

शर्यतीच्या सकाळी मी डब्यात पाच लिटर ताजं पेट्रोल भरलं. तेलाची बाटली पिशवीत घेतली. मैदानावर पोचल्यावर मिसळायचं ठरवलं होतं. पोचल्यावर तपासणीची हाक आली, नोंदणीचा कागद घेऊन मी टेबलाशी उभी राहिले. परत आले तर काकांनी टाकी भरून गाडी शर्यत सुटते त्या फाटकाकडे नेलीसुद्धा होती. मी दोरीच्या कडेला, धूर माझ्याकडे येईल अशी जागा बघून थांबले. खरं सांगायचं तर मी त्या वासासाठीच आले होते.

बारा गाड्या एकदम सुरू झाल्या. पहिल्यांदा वास आला, ओळखीचा. काका इंजिन तापवत होते. मग तो विरळ झाला. सायलेन्सरच्या नळीतून निघणारा पांढरा धूर पातळ होत गेला, आणि मग नळीच्या तोंडाशी नुसती हवा थरथरताना दिसली.

पिशवी माझ्या खांद्यावर होती. बाटली तिच्यात होती, भरलेली. इतका वेळ जळत होतं ते इंजिनात आधीचं उरलेलं तेल.

मी दोरीखालून गेले. कुणीतरी शिट्टी मारली. काका फाटकावर नजर लावून बसले होते. मी आडवा हात घालून हँडलवरचं बटण दाबलं. इंजिन बंद झालं. त्याच क्षणी फाटक पडलं आणि अकरा गाड्या निघून गेल्या.

त्यांनी हेल्मेटची काच वर केली. "काय झालं?"

"तेल नाहीये."

"फडकं होतं की."

"ते बाबांनी बांधलेलं."

काकांनी पेट्रोलचा कॉक बंद केला. मग उतरले आणि म्हणाले, "ढकल."

कडेला नेऊन त्यांनी स्प्रिंग काढून नळी बाजूला केली, टॉर्च लावून सिलिंडरच्या भोकातून आत पाहिलं. पिस्टनवर एक उभी रेघ होती. त्यांनी हातमोजा काढला, मग थांबले आणि माझा हात पुढे ओढला. रेघेवरून नख फिरवून बघ म्हणाले. नख अडकलं तर संपलं, अडकलं नाही तर नुसता डाग.

मी दोनदा फिरवलं. अडकलं नाही.

दुसरी फेरी दुपारी होती. टाकीतलं पेट्रोल आम्ही परत डब्यात घेतलं. गाठ दगड झाली होती. काकांनी चाकू काढला. मी नको म्हटलं आणि पेचकसाच्या टोकाने ती उकलत बसले. आतल्या घड्यांमध्ये कापड अजून निळं होतं. मग लिटरला चाळीस मिली या हिशोबाने तेल मोजून घातलं, झाकण लावून डबा हलवला आणि पट्टी पुन्हा कडीला बांधली.

काका म्हणाले, "गाठ मारलीस की वेणी घातलीस?"

"सुटली म्हणजे झालं."

"आणि तेल?"

"नियमात विचारायचं नसतं."

"आता विचारायचं," ते म्हणाले. "मीही सकाळी विचारायला हवं होतं. तीस वर्षांत दुसऱ्यांदा."

दुसऱ्या फेरीत ते नववे आले. वळणांवर फार जपून जात होते. मागून आलेल्या एकाने तर हात करून वाट मागितली. पण गाडी सगळे फेरे पळाली आणि धूर शेवटपर्यंत पांढरा होता. वास मला दोरीच्या कडेने सगळीकडे येत होता, त्यामुळे जागा शोधावी लागली नाही.

घरी आईने दारातच थांबवलं. कितवा नंबर ते विचारलं नाही. "कपडे मागच्या बाजूला काढ," म्हणाली, "तशीच आत येऊ नकोस." दर रविवारी ती हे बाबांना म्हणायची.

मी शेडकडे गेले. डब्याच्या तळाशी बोटभर उरलं होतं, ते काकांच्या बाटलीत ओतलं. वेणी एका ओढीत सुटली. फडकं खिळ्याला अडकवलं.