चिकटवलेलं पान

"बाबा, मधलं पान उघडत नाहीये."

बाप ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. त्यानं मान वर केली नाही. पान त्यानंच चिकटवलं होतं, पंक्चरच्या सोल्यूशननं. ठकूची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि या पुस्तकातली खारीची आई वादळात बाहेर पडते ती परतच येत नाही. तिथवर वाचलं आणि त्याच्यानं पुढं वाचवलं नाही. समोरासमोरची दोन्ही पानं त्यानं एकमेकांवर दाबून टाकली. एवढ्याशा जिवाला असलं कशाला?

"ते राहू दे गं. आत्यानं नवं आणलंय ना, कासवाचं?"

"ते कासव सारखं शिकवतच बसतं! खोटं बोलू नका, दात घासा. त्याला दुसरं कामच नाही."

दुकानाच्या पायरीवर बसलेली आत्या फणकारली, "तू तरी कुठं धड घासतेस? शिकवू दे की! आणि दादा, ते रडकं पुस्तक रद्दीत घाल म्हटलं होतं ना मी?"

ठकूनं पुस्तक छातीशी घट्ट धरलं. "रडकं नाहीये ते. पिल्लू नंतर ढोलीत जातं. तिथं आईची ऊब असते. आई मला तेच पान दोनदा वाचून दाखवायची."

बापाचे हात पाण्यातच राहिले. तो वादळाला कडी घालायला गेला, आणि ऊबही आतच कोंडून बसला होता.

त्यानं हात पुसले. पेट्रोलचा बोळा कडेकडेनं फिरवत, फुंकर घालत, पानं सोडवली. वादळाचा एक काळा तुकडा समोरच्या पानाला चिकटून आलाच. मग लेकीला मांडीवर घेऊन तो वाचायला लागला. वारा सुटला, फांद्या मोडल्या, खारीची आई दिसेनाशी झाली. तो खाकरला, पुन्हा खाकरला.

ठकू उठली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. "आईपण इथंच पाणी प्यायची."

पायरीवरची आत्या पदराशी चाळा करत दुसरीकडे बघायला लागली.

बाप पाणी प्यायला. त्यानं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं, तर तिथली अक्षरं सोल्यूशनबरोबर उखडून गेली होती. नुसता पांढरा खरबरीत कागद उरला होता.

ठकूनं त्याचं काळं बोट धरून त्या कागदावरून हळूहळू पुढं नेलं.

"ढोलीत... आईची... ऊब... अजून होती."