सत्तावन्न मिनिटांची चिठ्ठी

चावी दिली तरच चालणारं मी एक जुनं स्टॉपवॉच आहे, मित्रांनो. आमच्या तालमीचे गणपतराव मास्तर मला गळ्यात अडकवत, तेव्हा माझा तोरा काय विचारता!

दर जानेवारीत तालमीतर्फे कोल्हापूरच्या रंकाळा तलावाभोवती अंदाजाची धाव असे. फेरी किती मिनिटांत पुरी होईल, हे प्रत्येकानं आधी चिठ्ठीवर लिहायचं. मनगटी घड्याळं बुट्टीत, म्हणजे टोपलीत, जमा करायची. पहिला येणारा नव्हे, तर ज्याचा अंदाज बरोबर ठरेल तो जिंके. त्याला मानाचा फेटा मिळे.

बाळासो आणि शालूबाई हे जोडपं १९९४ पासून एकच चिठ्ठी लिहून चालत फेरी मारायचं. आकडा ठरलेला, त्रेपन्न. पण काठाला कुणी म्हशी धुताना दिसलं की बाळासोंचे पाय थांबत. "पावणं, म्हस दूध किती देती?" अशी चौकशी सुरू होई. दरवर्षी चार मिनिटं उशीर!

"आवो, म्हशी धरून आकडा लिवा की!" शालूबाई चिडायच्या.

"फुडल्या वर्षी फेटा माझाच हाय," म्हणत ते हसायचे. मला त्यांचं हसणं फार आवडायचं.

२००३ च्या दिवाळीत बाळासो गेले. जानेवारीत शालूबाई एकट्याच आल्या, मनगटावर बाळासोंचं घड्याळ बांधून. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, सत्तावन्न.

"मिळाला तर फेटा त्येंच्या फोटोम्होरं ठेवायचा हाय," त्या म्हणाल्या. मास्तरांना भरून आलं. ते त्यांच्याशी बोलत राहिले आणि मला चावी द्यायचं विसरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मला कळत होतं, पण सांगणार कसं? एकेचाळिसाव्या मिनिटाला माझा काटा थांबला. धाव कितीला सुटली, हेही कुणी टिपलं नव्हतं. सगळे माझ्या भरवशावर होते.

शालूबाई धापा टाकत आल्या. मास्तरांना मान वर करता येईना. "वैनी, घड्याळ थांबलंय. चावी द्यायची ऱ्हायली."

त्यांनी पदरानं माझी काच पुसली. "आसूं दे," त्या म्हणाल्या. "यंदा म्हशी धरून लिवलं हुतं मी."

बुट्टीतून बाळासोंचं घड्याळ उचलून त्या घरी गेल्या. पुन्हा धावेला आल्या नाहीत.

आता तालमीत बॅटरीचं घड्याळ आहे. मी कपाटात, माझ्या डबीत ती चिठ्ठी. मित्रांनो, ज्या वस्तूवर कुणी भरवसा ठेवून घराबाहेर पडतं, तिच्याकडे आधी बघत जा. शालूबाईंचा अंदाज बरोबर होता का, हे आता कुणालाच कळणार नाही. मलासुद्धा नाही.