शून्यापासूनचं कार्ड

"काका, तीनशे बारा चुका," नवी प्रोग्रामर म्हणाली.

"कोणाच्या?"

"तुमच्या."

काका शुक्रवारी निवृत्त होणार होते. एकोणीस वर्षांपूर्वी पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेला वाचनालयाचा प्रोग्राम त्यांना निष्कलंक सोपवायचा होता. आणि हिने त्याच्यावर तपासनीस सोडला होता. हा तपासनीस म्हणजे चुका शोधणारं सॉफ्टवेअर; प्रोग्राम न चालवता नुसता कोड वाचायचा आणि मजकूर हवा तिथे आकडा दिला की बोट ठेवायचा.

"एकोणीस वर्षांत एक तक्रार नाही! आणि हा नाडी न बघताच रोग सांगतो?"

"पीएचपी सोशिक आहे, काका. आकड्याचा मजकूर करून गप्प पुढे जातं. हा गप्प बसत नाही."

"म्हणजे सासूबाईच आणल्यास."

सुरुवातीच्या चुका किरकोळ निघाल्या. काका प्रत्येकीला "बरं, पुढे" म्हणत होते. एका ओळीवर मात्र थांबले. कार्ड शोधणाऱ्या फंक्शनला मजकूर हवा होता, त्याला आकडा जात होता. टाइप करताना पडलेल्या मोकळ्या जागा निघाव्यात म्हणून काकांनीच कार्डक्रमांकाचा आकडा केला होता. त्यात ००८७ चे ८७ झाले, आणि ८७ नावाचं कार्डच नव्हतं. शून्याने सुरू होणाऱ्या जुन्या सभासदांना 'तुमचं राखीव पुस्तक आलं' हा निरोप कधी गेलाच नव्हता.

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"जुनी माणसं निरोपाची वाट बघत नाहीत. येऊन विचारतात." काकांनी चष्मा पुसला. "एक तक्रार होती, घरातली. ००८७. मी म्हणायचो, तुझ्या पुस्तकांना मागणी फार."

नवी हसू दाबत म्हणाली, "काकूंना सांगू?"

"तू टाइप कर."

रूपांतर काढलं, मोकळ्या जागा वेगळ्या छाटल्या. तपासनीस म्हणाला, तीनशे अकरा. अडकलेले निरोप सुटले. दोन मिनिटांत काकांचा फोन वाजला.

"अहो, तुमच्या वाचनालयाचा मेसेज आलाय मला! तिकडे काही बिघडलंय का?"

"बिघडलं होतं. येताना घेऊन येतो पुस्तक."

"काही नको. मेसेज मला आलाय. मीच येते."

पाच वाजता ती इस्त्रीची साडी नेसून आली आणि कार्ड हातात धरून रांगेत उभी राहिली. काका काचेआडून तिचा नंबर लागेपर्यंत बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले.

"तीनशे अकरा ना? वाच पुढची."