घड्याळजी परत येतो का?

लॅबमध्ये दिवसभर मी दुसऱ्यांचे दात करते. मेणात एकेक दात बसवायचा, वरचा-खालचा चावा जुळतो का बघायचं आणि साचा डॉक्टरांकडे द्यायचा. अठरा वर्षं हेच केल्यामुळे समोरच्याने तोंड उघडलं की मला आधी त्याचे दात दिसतात, तो काय म्हणतोय ते नंतर ऐकू येतं. नवऱ्याचं मात्र हल्ली नुसतं ऐकूच येतं, तेही रविवारचं.

तो परदेशात एका बंदरावर क्रेन चालवतो. करार दोन वर्षांचा, त्यातले वीस महिने सरलेले. मागच्या महिन्यात त्याने सांगितलं की कंपनी आणखी दोन वर्षं राहा म्हणतेय, या महिनाअखेर उत्तर द्यायचंय. मी म्हटलं, "तुझं तू ठरव." मनात काय होतं ते देवाला ठाऊक, पण हवं ते मागायची वेळ आली की माझी दातखीळ बसते. लहानपणापासूनची खोड आहे. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. आम्ही आपले घड्याळजीबद्दल बोलत राहिलो.

घड्याळजी म्हणजे कादंबरीतला गुप्तहेर. आमच्या चर्चच्या वाचनालयात पाळकबाईंनी असल्या पुस्तकांचं एक कपाटच भरून ठेवलंय. हेर, सरहद्दी, खोटे पासपोर्ट, आणि ऐन धामधुमीत गुडघे टेकून केलेली प्रार्थना. गोळीबार हवा तेवढा, पण शिवी एक सापडायची नाही, असं त्या अभिमानाने सांगतात. ज्याच्या दोन प्रती असतील तेच पुस्तक आम्ही निवडतो. एक प्रत मी पार्सलने त्याला पाठवते, दुसरी माझ्या उशाशी. उपासना झाली की दोघांनी एकेक प्रकरण वाचायचं आणि संध्याकाळी फोनवर त्यावर बोलायचं. पुढचं वाचायचं नाही. शपथ घेऊ नये असं शास्त्रात आहे म्हणून घेतली नाही, पण होय म्हणजे होय. दोघं रविवारच्या शाळेतले सोबती, तेव्हा एकमेकांच्या शब्दावर विश्वास होता.

या घड्याळजीचं शत्रूच्या राजधानीत दुरुस्तीचं दुकान आहे आणि घड्याळांच्या झाकणाआड तो निरोप पाठवतो. गेले साडेपाच महिने तो आमच्या घरातच राहतोय म्हणा ना. फोन आधी सासूबाईंकडे जातो. जेवलास का, कधी येतोस, एवढं त्या विचारतात, तो "येतो गं आई" म्हणतो, आणि मग पाळी माझी. त्यांना कमी ऐकू येतं, पण जे ऐकू येतं ते त्या सोडत नाहीत. एका रविवारी पाळकांनी प्रार्थनेच्या विनंतीच्या चिठ्ठ्या वाचल्या, त्यात सासूबाईंची निघाली, 'शत्रूच्या शहरात एकट्या राहणाऱ्या घड्याळजीसाठी.' सगळ्या मंडळीने डोळे मिटून प्रार्थना केली. तो पुस्तकातला आहे हे मी सांगायला गेले, तर पाळकबाई म्हणाल्या, राहू दे, कुठल्या ना कुठल्या घड्याळजीच्या कामी येईलच.

चोविसाव्या प्रकरणात त्याच्या बायकोला निरोप मिळतो की तो मेला. ती फक्त त्याचा कोट काढून उन्हात घालते. तिथे प्रकरण संपतं. आता आठवडाभर थांबा! सोमवार मी कसाबसा काढला. मंगळवारी पुस्तक लॅबमध्ये नेलं आणि बुधवारी जेवणाच्या सुट्टीत, प्लास्टरने पांढऱ्या झालेल्या बोटांनी, शेवटचं पान उलटलं. तो परत येतो. मरणाची बातमी खोटी होती. तो दारापर्यंत येतो, दार वाजवतो, आणि पुस्तक संपतं. मी डब्यावर वाकून ढसाढसा रडले. डॉक्टरांना सांगितलं, डोळ्यात प्लास्टर गेलं.

रविवारी काहीच माहीत नसल्यासारखं बोलायचं होतं, आणि नाटक करण्यात मी अगदीच कच्ची. नवरा पंचविसाव्या प्रकरणाबद्दल बोलत होता. म्हणाला, तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा किती भला माणूस आहे, त्याच्याकडेच घड्याळजीने आसरा घ्यावा.

"कसला भला!" मी म्हटलं. "तोच तर पकडून देतो त्याला."

पकडून देतो तिसाव्या प्रकरणात. मी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"हो, पण नंतर पस्तावतो ना," नवरा म्हणाला. "तुरुंगात जाऊन पाय धरतो त्याचे."

ते तर अडतिसाव्यात.

"तू कधी संपवलंस?" मी विचारलं.

"पार्सल आलं त्याच आठवड्यात. तू?"

"या बुधवारी."

म्हणजे साडेपाच महिने दर रविवारी 'आता पुढे काय होणार गं' म्हणणारा हा माणूस सगळं आधीच वाचून बसला होता. गुप्तहेर माझ्याच घरात निघाला. भांडायला मला एरवी एवढंही कारण लागत नाही. पण तो आपणहून सांगू लागला. पहिल्या वर्षी, पुस्तकं नव्हती तेव्हा, 'बरी आहेस ना, बरा आहे' एवढं झालं की दोघांकडे काही उरायचं नाही, आणि फोन ठेवल्यावर त्याला फार भकास वाटायचं. म्हणून संपलेलं पुस्तक तो आठवड्याला एकेक प्रकरण असं पुरवून पुरवून वापरत होता.

"आणि शेवटही अर्धाच," तो म्हणाला. "दार उघडल्यावर काय होतं ते लिहिलेलंच नाही. मी तेवढ्यासाठी वाचलं होतं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला ती दोन वर्षं नको होती, पगारही नको होता. त्याला भीती वाटत होती, आपल्या दाराची आणि दाराआडच्या माझी. आणि मी 'तुझं तू ठरव' म्हणून मोकळी झाले होते. मला तो हवा होता. खुर्चीवर ओला टॉवेल टाकणारा, गाण्याच्या पुस्तकातली गाणी हटकून बेसूर म्हणणारा, तो अख्खा माणूस हवा होता. वीस महिन्यांत हे मी एकदाही बोलले नव्हते.

"सही करू नकोस," मी म्हटलं. "घरी ये."

"येऊन बोलणार काय आपण?"

"काही नको बोलूस. गप्प बस. पण इथे बस."

तिकडून "बरं" एवढंच आलं. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही, आणि फोनही कुणी ठेवला नाही.