उकळलेल्या स्पंजाची तक्रार

मी एक जुना स्पंज आहे. आधी मोजदाद सांगतो, म्हणजे मागाहून कोणी शब्द फिरवायला नको. सत्तर लिटर पाणी. तीन सोनमासे. एक गोगलगाय. पाणवनस्पतीच्या पाच काड्या, त्यांतल्या दोन कुजायला आलेल्या. तळाला दोन बोटे जाडीची खडी. एक फिल्टर, आणि त्या फिल्टरच्या पोटात मी: मूळचा निळा, पण चार वर्षांत मातकट तपकिरी झालेला. माझ्या छिद्रांत राहणारे जिवाणू मात्र मला मोजता आले नाहीत. कोट्यवधी असावेत. मित्रांनो, ही गोष्ट त्यांच्या खुनाची आहे आणि ती सांगताना मी गोड बोलणार नाही.

कारखान्यात एका मोठ्या लादीतून मला सुरीने कापून काढले. या घरात आलो तेव्हा मी नुसती भोके होतो. मग हळूहळू जिवाणू माझ्यात वस्तीला आले. त्यांचे काम समजून घ्या. मासे कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडतात. तो विषारी असतो. जिवाणूंची एक टोळी तो खाऊन त्याचे दुसरे काही करते, दुसरी टोळी त्याचे तिसरे काही करते, आणि हे तिसरे माशांना सोसते. चार वर्षे हे रात्रंदिवस चालले. कौतुक कोणाचे झाले? फिल्टरच्या मोटारीचे. "किती शांत चालते," पाहुणे म्हणत. मला सगळे 'तो घाणेरडा तुकडा' म्हणत.

घरातले बाबा रुग्णालयात कामाला आहेत. शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करून देणे हे त्यांचे काम. बावीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही कात्रीवर डाग निघालेला नाही. मला ते मान्य आहे. पण मी कात्री नव्हे.

एका सुट्टीच्या सकाळी त्यांनी मला चिमट्याने उचलले आणि मुलीला हाक मारली. ती नऊ वर्षांची, सगळे तिला चिमणी म्हणतात. मासे तिचे.

"हे बघ काय साचलंय. आणि यातलं पाणी पितात तुझे मासे."

"बाबा, दुकानातले काका म्हणाले होते, त्याला फार धुवायचं नाही."

"काका मासे विकतात गं. जंतू म्हणजे काय ते मला विचार."

त्यांनी मला पातेल्यात उकळले. घड्याळ लावून वीस मिनिटे. खडीही उकळली. मग नळाखाली पिळपिळ पिळले. मी पुन्हा निळा झालो. "नव्यासारखा," असे म्हणून त्यांनी मला जागेवर बसवले. माझ्यात एकही जीव उरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्यावर तोंड काढून हवा गिळू लागले. सर्वांत मोठा मासा, ढब्बू, एका कोपऱ्यात तिरका लटकला. त्याच्या परांवर लाल रेघा उमटल्या. बाबांनी वाकून पाहिले आणि निदान केले: संसर्ग. त्यांनी निळ्या औषधाची बाटली आणून पाण्यात ओतली. आणि मला पुन्हा उकळले. हे मला अजून पचलेले नाही. पहिल्या वेळी ते अज्ञान होते. दुसऱ्या वेळी समोर मासे तडफडत होते, काय बदलले हे एकदा तरी मनाला विचारायचे होते.

पाचव्या दिवशी सर्वांत लहान मासा मेला. सहाव्या दिवशी मधला. चिमणी बाबांशी बोलेनाशी झाली. ती टाकीपुढे बसून ढब्बूच्या कल्ल्यांची उघडझाप मोजत होती. मिनिटाला एकशे अठ्ठेचाळीस. मग तिने आत्याला फोन केला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी तपासते. ती दुपारीच तपासणीची पेटी घेऊन आली.

"काय बदललं होतं?" तिने पहिला प्रश्न हाच विचारला.

"काहीच नाही ताई. उलट मी सगळं निर्जंतुक केलं. दोनदा."

"दोनदा," आत्या म्हणाली. "एकदा करून तुझं समाधान झालं नाही."

तिने काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. पिवळे राहायला हवे होते ते गर्द हिरवे झाले. लिटरला चार मिलिग्रॅम अमोनिया.

"याला रोग नाही. याचे कल्ले भाजतायत. घाण साफ करणारे सगळे मारलेस, याला त्याच्याच घाणीत कोंडलंस आणि वर औषध पाजतोयस. आजार रेड्याला, औषध पखालीला."

"पण जंतू..."

"तुझ्या कात्रीवर नकोत. इथे हवेत."

"मी सांगितलं होतं," चिमणी म्हणाली. तिला कोणी दटावले नाही.

औषध बंद झाले. दोन दिवस खाणे बंद. हवेचा पंप जोरात. रोज निम्मे पाणी बदलायचे, तेही नळाचे पाणी, क्लोरीन उडून जावा म्हणून बादलीत दिवसभर उघडे ठेवून. आत्या आल्यापासून चौथ्या दिवशी, पाण्यातले औषध पुरते उतरल्यावर, आत्याने तिच्या कचेरीतल्या टाकीचा एक काळाकुट्ट, कधी न धुतलेला स्पंज आणला आणि माझ्या डोक्यावर पिळला. पाणी गढूळ झाले. बाबा हात मागे बांधून उभे होते. मला मात्र चार वर्षांपूर्वीचे दिवस आठवले.

त्यानंतर बाबांनी रोज पहाटे तापमान मोजून पाणी बदलले, एकदाही चुकले नाहीत. तरी मी त्यांना माफ केलेले नाही. माफ करून दोन मासे परत येत नाहीत.

मित्रांनो, मासा आजारी दिसला की बाटली आणायला धावू नका. आधी पाणी तपासा. मला धुवायचेच असेल तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोनदा हलके पिळा आणि परत ठेवा. माझ्या अंगावरचा तपकिरी रंग पाहून नाक मुरडू नका. तिथे कोणीतरी कामावर असते.

आत्या आल्यापासून सतराव्या दिवशी सकाळी बाबांनी नळी पांढऱ्या कागदापुढे धरली आणि चिमणीने हातात घड्याळ घेतले. अमोनिया शून्य. ढब्बूचे कल्ले मिनिटाला चौऱ्याऐंशी.